माझ्या बाजूचं पेडल

६ जानेवारी, सोमवार

सोनाबाई पुन्हा नापास. दुसऱ्यांदा. चढावर गाडी थांबवायची आणि मागे न घरंगळता परत काढायची, एवढंच तर करायचं होतं. बाईंनी क्लच असा काही सोडला की गाडीने उडी मारली आणि जागच्या जागी बंद. एकदा नाही, तीनदा. शेजारी बसलेल्या इन्स्पेक्टरने कागदावर फुली मारली, खाली उतरला आणि माझ्याकडे बघून हसला. हसायला काय झालं? सव्वीस वर्षं मी पनवेलमध्ये मोटार ट्रेनिंग स्कूल चालवतोय. 'घरत मास्तर' म्हटलं की रिक्षावाला पत्ता न विचारता दारात आणून सोडतो. आणि हा कालचा पोरगा मला हसतो!

बरं, माझ्याबरोबर असताना या बाईची गाडी कधी म्हणजे कधी बंद पडत नाही. आज सकाळीच ओवे गावापर्यंत जाऊन आलो, एक धक्का नाही. टेस्टला बसली की पायाचं मुसळ होतं. अशा माणसांनी गाडी शिकायला यावं कशाला? घरी बसून पापड लाटावेत.

रडली मात्र नाही. परत येताना म्हणाली, "मास्तर, एक तारखेपर्यंत नाय झालं तर काम जाईल." तिचा नवरा ड्रायव्हर होता, त्याची नजर गेली. व्हॅन गावी, आपट्याला, दारात उभी आहे. गावातल्या बायकांना तळोज्याच्या फॅक्टरीत पहिल्या पाळीला नेऊन आणायचं काम हिला मिळतंय, पण फेब्रुवारीच्या एक तारखेला व्हॅन निघाली नाही तर कंत्राटदार दुसरी गाडी लावणार. मी म्हटलं, ड्रायव्हर ठेवा. तर म्हणते, "मंग ड्रायव्हरचंच घर चालंल, आमचं कसं चालायचं?"

आता हे मला विचारून काय उपयोग? मी काय कंत्राटदार आहे?

७ जानेवारी, मंगळवार

दोष बाईत आहे हे उघड आहे. पण बाई बदलता येत नाही. मग क्लच बदलावा, हे सकाळी दाढी करताना सुचलं.

मला असं सुचतं. इतरांना काय सुचतं ते खारघरला जाऊन बघावं. तिथे विश्वजीतने काचेचं ऑफिस थाटलंय. एसी, सोफा आणि दोन ऑटोमॅटिक गाड्या. क्लच नाही, गिअर नाही, बसा आणि दाबा. याला तो ड्रायव्हिंग म्हणतो! जत्रेतल्या टकराटकरीच्या गाड्यांनाही तेवढंच लागतं. संघटनेच्या बैठकीत मला सांगतो, "सर, क्लचचा जमाना गेला." तुझे दुधाचे दात पडले का रे आधी?

शाळेच्या गाडीत डाव्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मास्तरने आपल्या बाजूने दाबायचा. बाकीचे मास्तर शिकणारा चुकायची वाट बघत बसतात. मी नाही बसत. गिअर बदलायची वेळ आली की माझा पाय आधीच पेडलवर असतो. शिकणाऱ्याने फक्त दांडा सरकवायचा. म्हणून माझ्यासमोर आजवर एकाचीही गाडी बंद पडलेली नाही. टेस्टला इन्स्पेक्टर माझ्या जागेवर बसतो आणि दोन्ही पाय आखडून घेतो, मग या लोकांची तंतरते. ती त्यांची तंतरते, त्याला मी काय करू?

तर युक्ती अशी. क्लचची केबल खाली गिअरबॉक्सपाशी एक लिव्हर ओढते. ती लिव्हर दोन इंच लांब केली की ओढायला जोर कमी लागणार. पहार लांब असली की धोंडा हलका लागतो, तसंच. पेडल हलकं झालं की गिअर लोण्यासारखा पडेल, मग समोर सोनाबाई असो नाहीतर कोणी असो. चित्र काढून ठेवलंय. एवढी साधी गोष्ट गाड्या बनवणाऱ्या मोठमोठ्या इंजिनिअरांना सुचू नये, याचं आश्चर्यही वाटत नाही मला आता.

९ जानेवारी, गुरुवार

सोनाबाईचा तास संपवून तिच्यासकट गाडी हितेशच्या गॅरेजला नेली. हितेशचा बाप माझा वर्गमित्र. बाप बरा होता.

चित्र बघून हितेश म्हणतो, "काका, लिव्हर लांब केली की पेडल हलकं होईल, पण प्लेट पुरती सुटणार नाय. गिअर टाकताना खरखर करील."

म्हटलं, "तुला सांगितलंय तेवढं कर."

"क्लचला काय झालेलंच नाय."

"मग टेस्टला धक्के का बसतात?"

"तुमी शेजारी नसता म्हणून."

"तेच म्हणतोय मी! माझ्यासारखा मास्तर शेजारी नसला की या लोकांना—"

त्याने बॉनेटमध्ये डोकं घातलं ते बाहेर काढलंच नाही. सोनाबाई टायरवर बसून आमचं बोलणं ऐकत होती, जशी काही तिला यातलं कळतं. आजकाल शिकवायचं कोणाला आणि सांगायचं कोणाला, हात टेकले मी.

११ जानेवारी, शनिवार

गाडी मिळाली. आणि काय सांगू, जमलं! माझ्या बाजूचं पेडल करंगळीने दाबावं इतकं हलकं झालंय. पाय ठेवला की सुळकन खाली. सव्वीस वर्षं हा गुडघा झिजवला, हे आधी का नाही केलं?

हितेश काहीतरी सांगत होता. ब्रॅकेट, तडा, वेल्डिंग, शुक्रवारी जोडतो, असलं काहीतरी. मी विश्वजीतशी फोनवर बोलत होतो. त्याला सांगितलं, म्हटलं, "क्लचचा जमाना गेला म्हणतोस ना? ये एकदा बघायला." मग हितेश माझा नाद सोडून सोनाबाईला सांगत बसला. ही आपली मान डोलावतेय. गॅरेजवाल्यांना कोणीतरी मान डोलावणारं लागतंच.

१३ जानेवारी, सोमवार

आज सोनाबाईने गाडी नऊ वेळा बंद पाडली. माझ्यासमोर! मी मोजलं.

मी प्रत्येक वेळी वेळेवर दाबत होतो. माझ्या बाजूने कसूर नाही. तरी गाडी हिसका मारून बंद. पळस्प्याच्या नाक्यावर तर मागच्या ट्रकवाल्याने आईबापांचा उद्धार केला. एवढा सुधारलेला क्लच हिच्या हाती दिला आणि ही बाई त्यालाही पुरून उरली. मी बोललो ते बोललो. जास्तच बोललो असेन. "तुमच्या पायात मेंदू नाही आणि मेंदूत पाय आहे," असं म्हणालो. काय म्हणायचं होतं ते मलाही नीट सांगता येणार नाही.

तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "परत चालू करते." चालू केली. परत बंद. "परत चालू करते." असं नऊ वेळा.

दुसरी बॅच आहे त्या दोघांचंही तेच झालं. त्यांना समजावलं, नवीन क्लच आहे, सवय व्हायला वेळ लागतो. असं समजावताना मला थोडी धाकधूक वाटत होती. लिव्हर दोनऐवजी दीड इंच करायला हवी होती का?

१६ जानेवारी, गुरुवार

धाकधूक गेली. लिव्हर दोन इंचच बरोबर आहे.

आज फक्त दोनदा बंद पडली. तीही सुरुवातीला. मग बाजारातल्या गर्दीतून गाडी अशी नेली की मलाच खरं वाटेना. मी पेडल दाबतोय, ती दांडा सरकवतेय, गिअर आवाज न करता पडतोय. मी विचारलं, "फरक कळतो का क्लचमध्ये?"

"कळते तर. आता कुठं पकडते ती जागा पायाला कळाया लागली. आधी कळतच नव्हती."

याला म्हणतात मॉडिफिकेशन! तिला शब्द सापडत नाहीत, पण सांगायचं ते तिने सांगितलं. दुसरी बॅचही सुधारली. मी आता या क्लचला नाव द्यायच्या विचारात आहे.

२० जानेवारी, सोमवार

विश्वजीत आला होता. पांढरे बूट, डोळ्यांवर गॉगल. त्याला मागच्या सीटवर बसवलं आणि सोनाबाईला कर्नाळ्याच्या खिंडीपर्यंत न्यायला सांगितलं. उतारावर तिसरा, वळणावर दुसरा, ट्रकच्या मागे पहिला. एक धक्का नाही. मी माझं पेडल दाबत लिव्हरचं सगळं गणित त्याला समजावून सांगितलं.

हा गृहस्थ माझ्या पायाकडे एकदा बघतो, तिच्या पायाकडे एकदा बघतो. मग गालातल्या गालात हसू. अज्ञानी माणूस असाच हसतो.

उतरल्यावर क्लचबद्दल एक प्रश्न विचारला नाही. सोनाबाईला विचारतो, "ताई, लायसन आलं की भेटा. पुढे आमच्याकडे बायकांच्या बॅचला शिकवणारी बाई हवीय." माझ्यासमोर! मला काय कळत नाही? सरळ सरळ माझं तंत्र हवंय त्याला, म्हणून माझी बाई फोडतोय. सोनाबाई म्हणाली, "आदी एक तारीख होऊ द्या." बरं झालं.

२३ जानेवारी, गुरुवार

टेस्ट पुढच्या मंगळवारी. आज लांबचा सराव म्हणून तिच्या गावापर्यंत, आपट्याला गेलो. फाट्यापासून आत रस्ता अरुंद, समोरून वाळूचा डंपर. तिने गाडी कडेला घेतली, थांबवली, चढावर पुन्हा काढली. माझा पाय तयार होताच.

दारात तिचा नवरा खुर्चीवर बसला होता. नजर नाही, पण कान शाबूत. आम्ही उतरायच्या आत म्हणाला, "पाय बसला तुझा."

ती म्हणाली, "खरं?"

"खरं म्हंजे? मागल्या महिन्यात आली होतीस तवा गाडी दोघंजण चालवत होते. आज एकच हाय."

बिचाऱ्याचं डोळ्यांबरोबर डोकंही गेलं असावं. गाडीत तेव्हाही आम्ही दोघंच होतो आणि आजही दोघंच. मी त्याला क्लचच्या लिव्हरबद्दल सांगायला लागलो तर म्हणतो, "मास्तर, चा घ्या." चहा चांगला होता. व्हॅन अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. सोनाबाईने ताडपत्री वर करून आत बघितलं आणि पुन्हा खाली सोडली. एवढं कसलं बघायचं असतं उभ्या गाडीत.

२७ जानेवारी, सोमवार

आज लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

उद्या टेस्ट, म्हणून हितेशने गाडी मागवून घेतली होती. दुपारी आणायला गेलो. सोनाबाई बरोबर होती. मी नेहमीप्रमाणे डाव्या बाजूला बसलो, पेडलवर पाय ठेवला, तर पेडल दगडासारखं. सरकेना. माझं डोकंच फिरलं.

"हितेश! काय करून ठेवलंस हे? माझ्या मॉडिफिकेशनचा सत्यानाश केलास!"

तो हात पुसत आला. "कसलं मॉडिफिकेशन, काका? तुमच्या बाजूचं पेडल आज जोडलं. टेस्टच्या गाडीची दोन्ही पेडलं चालू लागतात ना?"

"आज जोडलं म्हणजे?"

"म्हंजे सोळा दिवस सुटंच होतं. तुमचं पेडल क्लचला जोडणारं ब्रॅकेट तडकलेलं होतं, काढून वेल्डिंगला दिलं होतं. सांगितलं की तुमाला. तुमी फोनवर होता."

"आणि लिव्हर?"

तो आत गेला आणि लिव्हर घेऊन आला. कोरी करकरीत. "लावून बघितली त्याच दिवशी. गिअरच पडेना. काढून ठेवली. नवी केबल टाकली, ग्रीस केलं, बस. क्लच तुमचा जसा होता तसाच हाय."

मी त्याच्या अंगावर ओरडणार होतो. ओरडायला तोंड उघडलंही होतं. मग मला तो चढ आठवला. कर्नाळ्याचा उतार आठवला. डंपर आठवला. सोळा दिवस माझा पाय काय करत होता? स्प्रिंग दाबत होता. नुसती स्प्रिंग.

मी सोनाबाईकडे वळलो. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पयल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुमी जोडून घेतलं असतं." मग म्हणाली, "हितेशलाबी मीच सांगितलं, घाई करू नको म्हणून. तुमी रोज दाबत होता, मी बगत होते. म्हटलं, दाबू दे. तुमालाबी बरं वाटते."

हितेशने तोंड फिरवलं. हसत असणार. हसू दे.

विश्वजीतही त्या दिवशी मागे बसून हेच बघत होता. मी त्याला अज्ञानी म्हटलं! वर तोंड करून त्याला पहारीचं गणित शिकवलं! एवढा गाढवपणा माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने केला असता तर मी त्याला पनवेलभर फिरवला असता.

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. घरी येऊन बसलो तर डोक्यात माणसं यायला लागली. सात-आठ वर्षांपूर्वी एक अंकिता म्हणून नर्स होती. सहा वेळा नापास झाली. सहाव्यांदा मी तिला तोंडावर सांगितलं, "बाई, तुमचं हे काम नाही, रिक्षाने फिरा." माझ्याबरोबर तिची गाडी एकदाही बंद पडली नव्हती. कशी पडेल? चालवत होतं कोण? ती पुन्हा कुठे शिकली की आयुष्यभर रिक्षानेच फिरली, मला ठाऊक नाही. असे किती? मी पास झालेले मोजत आलो. बाकीच्यांना मी मठ्ठ म्हणून सोडून दिलं.

आणि उद्या पेडल जोडलेलं आहे. या पायाचा मला भरवसा नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

आजचा इन्स्पेक्टर नवीन. म्हणाला, "मी चढाच्या माथ्यावर उभा राहून बघतो. मास्तर, तुम्ही शेजारी बसा. काही झालं तर ब्रेक आहे तुमच्याकडे."

सव्वीस वर्षांत जे कधी मिळालं नाही ते आज ताटात वाढून आलं. टेस्टला मी शेजारी, पेडलं जोडलेली, आणि माझे पाय कोणाला दिसणार नाहीत. सोनाबाईने माझ्याकडे बघितलं. मी काचेतून बाहेर बघितलं.

वळणं झाली, आठचा आकडा झाला, मागे घेणं झालं. माझा पाय पेडलपासून वीतभर लांब होता, पण माझं लक्ष रस्त्यावर नव्हतं, पायावर होतं. मग चढ. तिने मध्यावर गाडी थांबवली. हँडब्रेक. इन्स्पेक्टरने हात केला. तिने हँडब्रेक सोडला आणि गाडी चार बोटं मागे आली.

माझा पाय उचलला गेला. मी उचलला नाही, तो उचलला गेला. बुटाचा तळवा पेडलला लागलाही.

ती समोर बघत हळूच म्हणाली, "मास्तर, नको. एक तारीख माझी हाय."

मी दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली. बुटांसकट. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पोट मध्ये येतंय, गुडघा डॅशबोर्डला टेकलाय, डोळे मिटलेले. देवळात कधी इतका नीट बसलो नसेन. गाडी क्षणभर धरून राहिली, थरथरली, आणि चढली.

वर पोचल्यावर इन्स्पेक्टरने खिडकीतून डोकावून मला पाहिलं. "काय हो मास्तर, जेवायला बसलात काय?"

"पायाला मुंग्या आल्या होत्या," मी म्हणालो. सोनाबाई पास झाली.

बाहेर आल्यावर तिने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि पदराने तोंड पुसलं. मला वाटलं घाम असेल. बराच वेळ पुसत होती. मी कधी नव्हे ते म्हणालो, "चांगली चालवली." तिने मान हलवली, म्हणजे हे तिला आधीच ठाऊक होतं.

३१ जानेवारी, शुक्रवार

दोन नवीन विद्यार्थी आले. एक पूर्वी नावाची बँकेतली मुलगी आणि एक निवृत्त हेडमास्तर. दोघांनी मिळून गाडी चौदा वेळा बंद पाडली. हेडमास्तरांनी चिडून विचारलं, "तुमच्या बाजूला पेडल आहे ना? मग तुम्ही करताय काय?" मी म्हटलं, बसलोय. ते उद्या विश्वजीतकडे जाणार, लिहून ठेवतो. मांडी घातली की गुडघा दुखतो, आणि खाली सोडला की पाय जातोच पेडलवर. शेवटी डावा बूट काढून मागच्या सीटवर टाकला. अनवाणी पायाला पेडल टोचतं.

संध्याकाळी सोनाबाईचा फोन आला. उद्या पहिली फेरी, अकरा बायका आहेत. व्हॅनमध्ये आठच मावतात हे तिला सांगितलं, तर म्हणते दोन फेऱ्या करणार. वर म्हणाली, "मास्तर, या बसायला. पुढं जागा ठेवते."

म्हटलं, येतो. उजाडताना उठून आपट्याला जायचं, कशाला जातोय मला ठाऊक नाही. तिच्या व्हॅनला माझ्या बाजूला पेडलच नाही.